सुलतानी सुधारणा आणि रयतेचा दशमांश

मराठी वाचकाला तुर्कस्तानची ओळख बहुधा दोन वाटांनी झालेली असते. पहिली वाट खिलाफत चळवळीची. १९१९ साली मुंबईत खिलाफत समिती स्थापन झाली आणि दूरच्या खलिफाचे नाव येथील सभांतून दुमदुमू लागले. दुसरी वाट केमाल पाशाची. त्याने १९२४ मध्ये तीच खिलाफत मोडीत काढली. या दोन चित्रांमुळे असा समज दृढ झाला आहे की, केमालपूर्वीचे उस्मानी साम्राज्य म्हणजे जुनाट समजुतींच्या अंधारात निद्रिस्त पडलेली एक सुलतानशाही होती. इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. १७८९ मध्ये सलीम तिसरा गादीवर आला तेव्हापासून १९०९ मध्ये अब्दुल हमीद दुसरा पदच्युत होईपर्यंत, सुधारणेचे नाव न घेणारा सुलतान शोधूनच काढावा लागेल. सैन्य, न्यायालये, शाळा, प्रांतांचा कारभार, यांपैकी कोणतेही क्षेत्र सुधारणेवाचून राहिले नाही. तरीही या सव्वाशे वर्षांच्या खटाटोपाच्या अखेरीस साम्राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या परकीय सावकारांच्या हाती गेल्या. असे का घडले?

धर्ममार्तंडांनी सुधारणांचा गळा घोटला, हे याचे रूढ उत्तर आहे. त्यात तथ्यांश आहे. परंतु ते पुरे नाही. १८०७ साली जॅनिसरी सैनिकांच्या बंडाने सलीमला खाली खेचले, तेव्हा मुख्य धर्माधिकाऱ्याचा फतवा बंडखोरांच्या बाजूने होता, हे खरे. परंतु १८२६ मध्ये महमूद दुसऱ्याने त्याच जॅनिसरींचे निर्दालन केले, तेव्हा उलेमा सुलतानाच्या पाठीशी उभे राहिले. १८७६ च्या मे महिन्यात राजधानीतील मदरशांचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ते उधळ्या राजवटीच्या विरोधात. धर्मसत्ता कधी सुधारणेच्या आड आली, तर कधी तिची सोबती झाली. मग जी गाठ शेवटपर्यंत सुटली नाही ती कोणती? ती पाहायची तर धर्मपीठाकडून खजिन्याकडे वळले पाहिजे.

उस्मानी खजिना उभा होता तो शेतकऱ्याच्या दशमांशावर. कायद्याने पिकाचा दहावा हिस्सा सरकारचा. तो वसूल करण्याचा मक्ता लिलावाने दिला जाई. मक्तेदार सरकारात ठराविक रक्कम भरण्याचे कबूल करी आणि शेतातून मिळेल तेवढे काढी. त्याच्या मागे भांडवल असे ते गलाता पेठेतील सराफांचे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीतील महालांचे इजारे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या पद्धतीचे मर्म वेगळे समजावून देण्याची गरज नाही. तेथील दस्तऐवजांत शेतकऱ्यांना जो शब्द वापरला जाई तो आपल्या परिचयाचाच आहे, कारण तो आणि आपला ‘रयत’ हा शब्द एकाच अरबी मुळाचे.

३ नोव्हेंबर १८३९ रोजी गुलहाने उद्यानात सुलतान अब्दुल मजीद याचे फर्मान वाचले गेले. रशीद पाशा हा त्याचा शिल्पकार. प्रजेचे प्राण, अब्रू आणि मालमत्ता यांना अभय, ऐपतीनुसार कर आणि मक्तेपद्धतीचा अंत, ही त्यातील अभिवचने होती. तंझिमात म्हणून ओळखले जाणारे सुधारणापर्व येथून सुरू होते. हे फर्मान केवळ परकीय वकिलांना दाखविण्यासाठी काढले होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १८४० मध्ये मक्तेदारांच्या जागी पगारी वसुली अधिकारी खरोखरच नेमले गेले. परंतु जमिनीची मोजणी झालेली नव्हती, प्रशिक्षित कारकून नव्हते, आणि ज्यांचा धंदा बुडत होता ते स्थानिक मातब्बर सहकार्य करावयास तयार नव्हते. वसूल घटला. १८४२ मध्ये सरकारने माघार घेतली आणि मक्ते पुन्हा लिलावात निघाले. ज्या रयतेसाठी हे अभिवचन होते, तिला या निर्णयात काडीइतकेही मत नव्हते. मातब्बरांच्या विरोधात तिला संघटित करावे, हे कोणा पाशाच्या स्वप्नातही आले नाही.

१८५८ च्या जमीन कायद्याची कथा याहून निराळी नाही. कसणाऱ्याच्या नावाची नोंद व्हावी, असा त्याचा रोख होता. परंतु नोंद झाली की कर आणि लष्करभरती आपला माग काढणार, या भीतीने अनेक ठिकाणी शेतकरी मागे राहिला, आणि विशेषतः अरब प्रांतांत शेख व सावकार यांच्या नावांवर विस्तीर्ण जमिनी चढल्या. कागदाला भिणाऱ्याची जमीन कागद जाणणाऱ्याच्या घरी गेली.

दुसरीकडे, उत्पन्नाचा जो मार्ग कोणत्याही सार्वभौम सरकारास खुला असतो, तो जकातीचा मार्ग आधीच बंद झाला होता. इजिप्तच्या मुहंमद अलीविरुद्ध ब्रिटनचे साहाय्य हवे म्हणून १८३८ साली बाल्टा लिमानचा व्यापारी तह करण्यात आला. आयातीवर ५ टक्के आणि निर्यातीवर १२ टक्के असे दर ठरले, आणि सरकारी मक्तेदाऱ्या रद्द झाल्या. परदेशी व्यापाऱ्याला अंतर्गत जकातीतून मोकळीक मिळाली. देशी व्यापारी मात्र ती भरतच राहिला. आपल्याच बंदरावरील जकात वाढविण्यासाठी यापुढे सुलतानास युरोपीय सत्तांची संमती घ्यावी लागणार होती. १९०७ मध्ये ८ टक्क्यांचा दर ११ टक्क्यांवर नेण्यासाठीही दीर्घ वाटाघाटी कराव्या लागल्या!

मातब्बरांकडून कर वसूल करण्याचे धैर्य नाही आणि परकीय मालावर जकात बसविण्याचे स्वातंत्र्य नाही, अशा राज्यास कर्जाचीच वाट उरते. क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५४ मध्ये, पहिले परदेशी कर्ज उभारले गेले. ३० लाख पौंडांचे हे कर्जरोखे शंभरास ऐंशी या भावाने विकले गेले आणि व्याज पडले पूर्ण शंभरावर. पुढील काही कर्जांत तर हाती पडणारी रक्कम याहूनही कमी होती. पैसा गेला कोठे? युद्धाकडे, बॉस्फरसच्या काठावरील राजवाड्यांकडे, अब्दुल अझीजच्या चिलखती युद्धनौकांकडे, आणि उत्तरोत्तर जुन्या कर्जाच्या व्याजाकडे. नांगराकडे वळला तो नगण्य. अवघ्या वीस वर्षांत कर्जाचा डोंगर सुमारे २० कोटी पौंडांवर गेला. १८७४ मध्ये हर्झेगोव्हिनात पीक बुडाले, तरी वसुलीचा तगादा थांबला नाही. दुसऱ्या वर्षी तेथे उठाव झाला. त्याच १८७५ च्या ऑक्टोबरात सरकारने जाहीर केले की व्याजाची निम्मीच रक्कम रोख मिळेल. पुढच्या वर्षी तीही थांबली.

या दिवाळखोरीच्या छायेत मिधत पाशाने डिसेंबर १८७६ मध्ये राज्यघटना मिळविली. परंतु संशयितास हद्दपार करण्याचा सुलतानाचा अधिकार तिच्या ११३ व्या कलमात ठेवलेला होता. त्याच कलमाखाली अवघ्या काही आठवड्यांत खुद्द मिधत हद्दपार झाला. १८७८ च्या फेब्रुवारीत अब्दुल हमीदने संसद तहकूब केली; ती पुन्हा भरली तीस वर्षांनी. अनाटोलियातील शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या घटनेने दशमांशाचे एक मापही कमी केले नव्हते. तिच्यासाठी त्याने का उठावे?

पुढचे पाऊल सावकारांचे होते. डिसेंबर १८८१ च्या फर्मानाने सार्वजनिक कर्जाचे स्वतंत्र प्रशासन निर्माण झाले. मीठ, तंबाखू, मुद्रांक, दारू, मासळी आणि रेशमाचा दशमांश यांचे उत्पन्न धनकोंच्या प्रतिनिधिमंडळाकडे गेले. लवकरच तंबाखूची मक्तेदारी युरोपीय भांडवलाच्या रेजी कंपनीस मिळाली. आपल्याच शेतातील तंबाखू परस्पर विकणारा शेतकरी चोर ठरला आणि कंपनीच्या सशस्त्र पहारेकऱ्यांशी त्याच्या रक्तरंजित चकमकी झडू लागल्या. कर्ज प्रशासनाच्या नोकरांची संख्या पुढे खुद्द अर्थखात्याच्या नोकरांहून अधिक झाली. जी शिस्तबद्ध, पगारी वसुली १८४० मध्ये रयतेच्या हितासाठी साधली नाही, ती धनकोंच्या हितासाठी उत्तम साधली.

सुधारणांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. अब्दुल हमीदनेच काढलेल्या आणि वाढविलेल्या शाळांतून त्याचे विरोधक तयार झाले. १८८९ मध्ये लष्करी वैद्यकीय विद्यालयात ज्या गुप्त मंडळाची स्थापना झाली, त्यातूनच पुढे १९०८ ची तरुण तुर्कांची क्रांती घडली. परंतु त्या क्रांतीचा पहिला आनंद ओसरण्यापूर्वीच रेल्वे, गोदी आणि तंबाखूच्या कारखान्यांतील कामगारांनी आपल्या मागण्या पुढे करून संप पुकारले, तेव्हा नव्या सत्ताधाऱ्यांचे उत्तर काय होते? ऑक्टोबर १९०८ मध्ये तात्पुरता संपविरोधी कायदा आला. १९०९ मध्ये तो कायम झाला आणि सार्वजनिक सेवांतील कामगार संघटनांवर बंदी आली. यांतील अनेक उद्योग परकीय कंपन्यांचे होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. घटनेचे स्वातंत्र्य कारखान्याच्या फाटकाशी थांबले.

दशमांश अखेर रद्द झाला तो प्रजासत्ताकाच्या काळात, फेब्रुवारी १९२५ मध्ये. शेतकऱ्यांच्या मुलांनी लढलेल्या स्वातंत्र्ययुद्धानंतर तो टाळणे नव्या राज्यास शक्य नव्हते. तथापि पुढच्याच महिन्यात सुव्यवस्थेच्या नावाखाली जो कायदा झाला, त्याने विरोधी वृत्तपत्रे आणि कामगार संघटना यांची मुस्कटदाबी केली. एक हात देत असताना दुसरा हात काढून घेत होता. आणि सुलतानांच्या कर्जाचा प्रजासत्ताकाच्या वाट्यास आलेला अखेरचा हप्ता तुर्की जनतेने फेडला तो १९५४ साली, पहिल्या कर्जानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

या इतिहासाचा उपयोग सुलतानांची कुचेष्टा करण्यासाठी नाही. रशीद आणि मिधत हे प्रामाणिक, कर्तृत्ववान पुरुष होते. त्यांना राज्य वाचवायचे होते. परंतु ज्यांच्या बळावर ते वाचले असते, त्यांना त्यांनी केवळ फर्मान ऐकणारे मानले. म्हणून कोणतीही सुधारणा वरून जाहीर झाली की कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत. तिचा खर्च कोण सोसणार? तिची अंमलबजावणी कोणाच्या हाती राहणार? आणि उद्या ती परत घेतली गेली, तर ती राखण्याचे सामर्थ्य कोणापाशी आहे? गुलहानेच्या उद्यानात हे प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. त्यांची किंमत रयतेने पुढे एक शतकभर मोजली.