कपातीचा ताप उशिरा चढतो

रक्तदाबाची गोळी बंद केली की त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशीही होत नाही. आमच्या ओपीडीत येणाऱ्या एका मावशी बरीच वर्षे या गोळ्या नियमित घेत होत्या. मध्ये दोन महिने औषधखिडकीवर साठाच नव्हता. केसपेपरवर ‘बाहेरून घ्या’ असा शेरा पडला. मजुरीच्या पैशांत ते जमले नाही. तिसऱ्या महिन्यात मुलाने त्यांना उचलून आणले तेव्हा उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. ‘आईला काही त्रासच नव्हता हो, म्हणून राहून गेलं,’ असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. कागदावर मात्र त्या दोन महिन्यांत औषधांचा खर्च कमी झालेला दिसला असेल.

जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत मधे काही दिवस जातात. सरकारी खर्चातील कपातीचेही तसेच असते. बचत याच वर्षीच्या ताळेबंदात दिसते. आजार दोन-चार वर्षांनी, दुसऱ्याच खात्यात आणि दुसऱ्याच कुणाच्या घरात उगवतो. म्हणूनच कपातीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले की ‘अजून तर काही बिघडलेले नाही, मग एवढा आरडाओरडा कशाला,’ असा प्रश्न विचारणे सोपे जाते.

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर ग्रीसकडे पाहावे. मे २०१० मध्ये कर्जात बुडालेल्या ग्रीसला ११० अब्ज युरोंची मदत मंजूर झाली, ती कठोर काटकसरीच्या अटींवर. पगार, निवृत्तिवेतन, रुग्णालये, सगळीकडे कात्री लागली. आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांच्या आत ठेवावा, अशी अट आली. अथेन्समध्ये संसदेसमोरचा सिंटाग्मा चौक माणसांनी भरून वाहू लागला.

त्याच शहरात एक आजार शांतपणे वाढत होता. सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीच्या नव्या लागणी वर्षाला दहा-पंधरा असत. २०११ मध्ये त्या अडीचशेच्या घरात गेल्या आणि पुढच्या वर्षी आणखी वाढल्या. निर्जंतुक सुया वाटण्याची व्यवस्था आधीच तुटपुंजी होती. त्यात बेकारी आणि बेघरपणाची भर पडली. सुई अगदी स्वस्त असते आणि एचआयव्हीची औषधे जन्मभर घ्यावी लागतात, हा हिशेब मांडायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पुढे २०१२-१३ मध्ये या गटातील तीन हजारांहून अधिक लोकांना शोधून तपासण्याची आणि उपचारांशी जोडण्याची मोहीम झाली, तेव्हा नव्या लागणी झपाट्याने घटल्या.

दुसरा धडा विम्याचा. तिथे आरोग्य विमा नोकरीशी बांधलेला होता. नोकरी गेली की काही काळाने विमाही जाई. सुमारे पंचवीस लाख लोक असे विम्याबाहेर पडले. डॉक्टर आणि स्वयंसेवकांनी एलिनिको येथे डिसेंबर २०११ मध्ये मोफत दवाखाना सुरू केला. तिथे पैशांचा व्यवहार नव्हता, लोक घरात उरलेली औषधे आणून देत. असे दवाखाने देशभर निघाले. विमा नसलेल्यांना सरकारी रुग्णालयांचे दार पुन्हा उघडणारा कायदा व्हायला मात्र २०१६ उजाडले.

स्पेनमध्ये डॉक्टर स्वतःच मोर्चात उतरले. २०१२ च्या अखेरीस माद्रिदच्या प्रादेशिक सरकारने सहा रुग्णालयांचे आणि २७ आरोग्य केंद्रांचे व्यवस्थापन खासगी हाती देण्याची योजना आणली. पांढरे कोट घातलेले डॉक्टर, परिचारिका आणि त्यांचे रुग्ण महिन्यामागून महिने चालत राहिले. ‘पांढरी लाट’ असे त्या आंदोलनाला नाव पडले. सोबत न्यायालयीन लढाईही चालू होती. न्यायालयाने स्थगिती कायम ठेवल्यावर जानेवारी २०१४ मध्ये सरकारने योजना मागे घेतली आणि आरोग्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. त्याच देशात २०१२ च्या एका आदेशाने कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांचे आरोग्य कार्ड काढून घेतले होते. शेकडो डॉक्टरांनी जाहीर केले की, आम्ही त्यांना तपासतच राहू. तो हक्क २०१८ मध्ये परत मिळाला.

या गोष्टी सांगताना दुसरी बाजू लपवणे वैद्यकाला शोभणार नाही. त्या संकटाच्या वर्षांत स्पेनमधला एकूण मृत्युदर वाढला नाही, उलट घटतच राहिला. ‘कपात म्हणजे मृत्यू’ ही घोषणा फलकावर ठीक आहे, पुरावा म्हणून ती तोकडी पडते. हानी होते ती सरासरीत न दिसणाऱ्या माणसांची: व्यसनी, बेकार, परका, म्हातारा. आंदोलनेही निर्दोष नसतात. ५ मे २०१० रोजी अथेन्समधील मोर्चाच्या वेळी एका बँकेला लावलेल्या आगीत तीन कर्मचारी मरण पावले. माद्रिदच्या संपात हजारो शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तातडीची सेवा चालू होती, पण हर्नियाची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेलेल्या माणसाला ते सांगून काय उपयोग? निवासी डॉक्टर असताना मीही संपावर बसलो आहे. मागण्या रास्त होत्या असे आजही वाटते. त्या दिवसांत ओपीडीच्या बंद दाराशी लेकरू कडेवर घेऊन उभी असलेली बाई मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तरीही अथेन्स आणि माद्रिदच्या लोकांचा मला एका बाबतीत हेवा वाटतो. त्यांची कपात जाहीर झाली होती. तिला तारीख होती, आकडा होता, सही करणारा मंत्री होता. त्यामुळे मोर्चा कुठे न्यायचा हे ठाऊक होते. आपल्याकडे कपात अशी दवंडी पिटून येत नाही. ती रिक्त पदाच्या रूपाने येते, रखडलेल्या खरेदीच्या रूपाने येते, तंत्रज्ञ नाही म्हणून कापडाखाली झाकलेल्या यंत्राच्या रूपाने येते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे म्हटले होते. ते गाठले गेले नाही, पण त्या दिवशी कुठल्या चौकात कुणी जमले नाही. न झालेल्या खर्चाविरुद्ध मोर्चा निघत नाही.

मग करायचे काय? वैद्यकात दडलेला आजार शोधायला चाचणी करतात. इथेही तेच करावे. प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या दर्शनी भागात दर महिन्याला एक फलक लागावा: कोणती आवश्यक औषधे संपली आहेत आणि किती दिवसांपासून, मंजूर पदे किती, भरलेली किती, बंद यंत्रे कोणती. यासाठी नवा कायदा लागत नाही, ही माहिती कार्यालयात असतेच. एवढे झाले तर अधिकाऱ्याला पाठपुरावा करता येईल, पत्रकाराला विचारता येईल आणि लोकप्रतिनिधीला टाळता येणार नाही. कदाचित रस्त्यावर उतरण्याची वेळही येणार नाही, आणि आलीच तर आपण कशासाठी उतरलो आहोत हे लोकांना नेमके सांगता येईल.

त्या मावशी आता काठी टेकत चालतात. बोलणे अजून अडखळते. गोळ्या सध्या खिडकीवर मिळतात. मागच्या वेळी जाताना त्यांनी डाव्या हाताने गोळ्यांची पट्टी वर धरून दाखवली आणि खुणेनेच विचारले, पुढच्या महिन्यात मिळतील ना? माझ्याकडे ठाम उत्तर नव्हते. ते असायला हवे होते.