पांढऱ्या ठिपक्यांचा बंदोबस्त
खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत हौसेने बाळगलेल्या निळ्या सर्जन माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे शुभ्र ठिपके उमटावेत, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच ते नाहीसे झालेले पाहून धन्याने निश्चिंत व्हावे, हा प्रकार नित्याचाच आहे; वस्तुतः क्रिप्टोकॅरियॉन नामक त्या एकपेशीय परोपजीवीने केवळ मुक्काम हलविलेला असतो, कारण माशाच्या त्वचेखाली यथेच्छ पोसल्यावर तो तळाच्या वाळूत उतरून कोष धारण करतो, आतल्या आत विभागत राहतो, आणि कालांतराने एकेका कोषातून शे-दोनशे नवे जीव भक्ष्याच्या शोधार्थ पाण्यात सोडतो. ताम्रक्षाराची मात्रा चालते ती या मोकळ्या पोहणाऱ्या अवस्थेवरच. त्वचेखाली वा कोषात तिचा अंमल नाही, आणि प्रवाळ, शंख, कोळंबी यांना तर ती विषच. म्हणून सर्व मासे निराळ्या पेटीत नेऊन तेथे औषधोपचार करावा, व मूळ पेटी सुमारे ७६ दिवस मत्स्यहीन ठेवावी, हीच तजवीज मला भरवशाची वाटते. दुकानदार मात्र माशांची अंगे साफ करणारी कोळंबी सुचवितात. त्या सल्ल्याने हित साधते ते बहुधा त्यांच्या गल्ल्याचे.