रात्रीचा माईक आणि बाईची दहा मिनिटं

ऑगस्ट म्हटलं की आपल्याकडे श्रावणाची लगबग. मंगळागौर, नागपंचमी, राखी, एकामागून एक सण. त्याच ऑगस्टमध्ये तिकडे स्कॉटलंडच्या एडिनबरा शहरात जगातल्या सर्वांत मोठ्या नाट्यमेळ्यांपैकी एक भरतो, 'फ्रिंज फेस्टिव्हल'. फ्रिंज म्हणजे कडा, काठ, पदराची किनार म्हणा हवं तर. तीन आठवड्यांहून जास्त दिवस, तीन हजारांहून जास्त कार्यक्रम. २०२४ साली तर पंचवीस लाखांहून जास्त तिकिटं गेली. आता तुम्ही म्हणाल, त्या परदेशातल्या नाटकांचं आपल्याला काय? पण बघा, तिथे मध्यरात्री जे चालतं त्याचा आणि आपल्या गावातल्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाचा संबंध आहे. तोच आज बोलायचा आहे.

आधी हा मेळा सुरू कसा झाला ते पाहू. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४७ साली एडिनबऱ्यात मोठा आंतरराष्ट्रीय कला महोत्सव ठरला. त्यात नामांकित मंडळींना आमंत्रणं होती. आठ नाटक मंडळ्या मात्र आमंत्रण नसताना आल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी खेळ केले. मुख्य मांडवाबाहेर, काठावर. पुढच्याच वर्षी एका पत्रकाराने त्यांच्यासाठी 'फ्रिंज' हा शब्द वापरला आणि तोच रूढ झाला. आजही तिथे कोणतीही निवड समिती नाही. ज्याला जागा मिळेल आणि खर्च झेपेल, त्याने यावं आणि खेळ करावा. न बोलावता आलेल्यांचा हा मेळा! पंगतीत पान मांडलं नाही म्हणून स्वतःच पत्रावळ घेऊन बसलेल्यांचा.

या मेळ्यात दिवसभर गंभीर नाटकं, नाच, सर्कस सगळं असतं. पण रात्री बारानंतर एक वेगळाच बाज सुरू होतो, तो म्हणजे विनोदाची मिसळ. एक सूत्रधार, तीन-चार विनोदवीर, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं, मध्ये एखादं गाणं, जादू किंवा काहीतरी अचाट. अमेरिकेत टीव्हीवर १९५४ पासून 'टुनाइट शो' चालू आहे. सुरुवातीला ताज्या बातम्यांवर कोट्या, मग पाहुणे, मग वाद्यवृंद, असा त्याचा साचा. तसाच साचा, फक्त इथे सगळं डोळ्यांसमोर, जिवंत. कॅमेरा नाही, कात्री नाही. कॅरन कोरेन या बाईंनी १९८६ साली तिथे 'गिल्डेड बलून' नावाचं नाट्यगृह काढलं. त्यांचा 'लेट अँड लाइव्ह' हा मध्यरात्रीनंतरचा कार्यक्रम खूप गाजला. प्रेक्षक पिऊन आलेले, मधूनच ओरडणारे, खिल्ली उडवणारे. नवख्या कलाकाराची तिथे सत्त्वपरीक्षाच व्हायची. म्हणजे आखाडा उभारणारी बाई, पण त्या आखाड्यात उतरणारे बहुतेक पुरुष, असं चित्र बरीच वर्षं होतं.

हे मी उगाच म्हणत नाही. तिथल्या सर्वोत्तम विनोदी कार्यक्रमाचा पुरस्कार १९८१ साली सुरू झाला. एकट्याने कार्यक्रम करणाऱ्या बाईला तो पहिल्यांदा मिळाला १९९५ साली, जेनी एक्लेर यांना. चौदा वर्षं लागली! त्यानंतर थेट २००५ साली लॉरा सोलन आणि २०१३ साली ब्रिजेट क्रिस्टी. या ब्रिजेटबाईंचा विषय ऐका. एका नामांकित कंपनीने खास बायकांसाठी म्हणून नाजूक रंगांची पेनं बाजारात आणली होती. जणू इतकी वर्षं बायका पुरुषांच्या पेनाने कशीबशी लिहीत होत्या! त्या पेनावरून त्यांनी कार्यक्रमाचं नाव ठेवलं आणि हसवता हसवता बाईला मिळणाऱ्या वागणुकीचा हिशेब मांडला. पुढे २०१८ साली रोझ मटाफेओ आणि २०२४ साली एमी ग्लेडहिल यांनी हा पुरस्कार मिळवला. वाट रुंद होते आहे, पण फार हळूहळू.

असं का व्हावं? २००७ साली एका प्रसिद्ध इंग्रज लेखकाने अमेरिकेतल्या मोठ्या मासिकात लेखच लिहिला होता, बायका विनोदी का नसतात या विषयावर. म्हणजे नसतात हे गृहीतच! ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या गप्पांच्या विनोदी कार्यक्रमांत नुसते पुरुषच बसवायचे नाहीत, हे बीबीसीला २०१४ साली जाहीर करावं लागलं. जे आपोआप होत नाही, त्याचाच नियम करावा लागतो ना?

आता आपल्या घरात डोकावू. बायकांना विनोद येत नाही असं म्हणणाऱ्याने मंगळागौरीचं जागरण पाहिलेलंच नाही. फुगड्या, झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं, सवतींचं लुटुपुटुचं भांडण, सासूची नक्कल, रात्रभर नुसता हशा. मी तर म्हणते, रात्री उशिराचा विनोदी मिसळ कार्यक्रम आपल्या आज्या-पणज्या एडिनबऱ्याच्या कितीतरी आधीपासून करत होत्या. भोंडल्याच्या गाण्यांत सासरच्या माणसांची जी फिरकी घेतलेली असते, ती काय साधी आहे? जी सून दिवसा मान वर करून बोलत नव्हती, ती गाण्यात सगळं बोलून घ्यायची. पण हा विनोद माजघरात राहिला. दार लावून, पुरुषमाणसं झोपल्यावर, बायकांनी बायकांसाठी केलेला.

आणि चावडीवर काय होतं? जत्रेतला तमाशा हाही रात्रीचाच खेळ. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग, असा भरगच्च ऐवज. तिथे बाई होती, तिच्या पायांतल्या चाळांवर फड उभा होता. पण बतावणीतले हजरजबाबी टोले मुख्यतः सोंगाड्याचे. गवळणीतली विनोदी 'मावशी' कोण? तर बाईचा आव आणणारा पुरुष! ब्रिटनमध्ये नाताळच्या सुमारास 'पँटोमाइम' नावाची हास्यनाट्यं होतात. त्यांतली ठसकेबाज म्हातारीही बहुतेक वेळा पुरुषच असतो. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मध्येही साड्या नेसलेले पुरुष आपण पोट धरधरून पाहिले. त्या कलावंतांच्या गुणांबद्दल मला आदरच आहे, आणि श्रेया बुगडे त्या सगळ्यांत खणखणीत उभी राहिली हेही खरं. २०१८ साली सुरू झालेल्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांनी तर धमाल उडवली. पण प्रश्न उरतोच. साडी नेसली की हसू येतं, ते का? बाई असणं हाच विनोद आहे का?

दोन गोष्टींत फरक करायला हवा. बाईवर केलेला विनोद आणि बाईने केलेला विनोद. आपल्या महिला मेळाव्यांत काय होतं ते आठवा. महिला दिनाला हास्यकवी बोलावतात. तो बायको जाड, बायको भांडकुदळ, बायकोची खरेदी यावर तासभर बोलतो. समोर पाचशे बायका हसतात. मीही अशा मेळाव्यांत खुर्च्या मांडण्यापासून आभार मानण्यापर्यंत सगळी कामं करते, म्हणून हे जवळून पाहते. त्या हसण्यात मजा किती आणि सवय किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

याच मुद्द्यावर २०१७ साली एडिनबऱ्यात हॅना गॅड्सबी यांनी खळबळ उडवली. टास्मानियातल्या स्मिथटन या छोट्या गावातून आलेले हे कलाकार. त्यांच्या 'नॅनेट' या कार्यक्रमाला त्या वर्षीचा पुरस्कार विभागून मिळाला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा : ज्याला समाज आधीच खाली ढकलतो, त्याने स्वतःचीच टिंगल करून इतरांना हसवणं हा नम्रपणा नाही, तो अपमान आहे. हे वाक्य मेळाव्यात फळ्यावर लिहून ठेवावं असं आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रासाठी आनंदाची गोष्ट. २०२३ साली एडिनबऱ्यातला सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मुंबईच्या उरूज अश्फाकने पटकावला. आई-वडिलांचा घटस्फोट, मनाच्या दुखण्यासाठी घेतलेले उपचार, शाळकरी वयातली डायरी, असे तिचे विषय. आपल्याकडे जे चार भिंतींत झाकून ठेवतात, ते तिने परक्या देशात माईकवर सांगितलं आणि लोकांनी आपलं म्हणून ऐकलं.

अर्थात सगळं गोड नाही. फ्रिंजचं दार सर्वांना उघडं असलं तरी आत जायला पैसा लागतो. जागेचं भाडं, जाहिरात, आणि ऑगस्टमध्ये गगनाला भिडणारं घरभाडं. कित्येक कलाकार कर्ज डोक्यावर घेऊन परततात. म्हणून १९९६ पासून तिथे 'फ्री फ्रिंज' सुरू झालं. तिकीट नाही, शेवटी बादली फिरते, ज्याला आवडलं त्याने टाकावं. आपल्या कीर्तनातल्या आरतीच्या ताटासारखंच. पण बाईसाठी आणखी एक खर्च असतो, तो पैशात मोजता येत नाही. रात्री दोनला कार्यक्रम संपल्यावर घरी कसं जायचं? एडिनबऱ्यातल्या मुलीला हा प्रश्न पडतो, आपल्या तालुक्यात तर शेवटची एसटी नऊलाच जाते.

दुसरी भीती हशाचीच. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारला एका विनोदी कलाकाराच्या राजकीय टिप्पणीवरून चिडलेल्या कार्यकर्त्यांनी 'हॅबिटॅट' या छोट्या रंगमंचाची तोडफोड केली. तो विनोद आवडो न आवडो, लेट अँड लाइव्हसारख्या आखाड्यातला निदान एक नियम घेण्यासारखा आहे. शब्दाला उत्तर शब्दाने. प्रेक्षक ओरडला की कलाकार त्याला तिथल्या तिथे गप्प करतो, खुर्च्या मोडत नाही. आणि मोठ्या शहरातल्या, नाव असलेल्या पुरुषाची ही गत, तर गावातल्या एखाद्या सुनेने माईकवर सरपंचाची नक्कल केली तर काय होईल? म्हणून विनोदाचं स्वातंत्र्य हा फक्त मुंबईतल्या मंडळींचा विषय नाही.

मग आपण करायचं काय? 'फ्लीबॅग' ही मालिका काहींनी पाहिली असेल. फीबी वॉलर-ब्रिज या लेखिका-अभिनेत्रीला एका मैत्रिणीने आव्हान दिलं होतं, दहा मिनिटांचं काहीतरी लिही आणि रंगमंचावर करून दाखव. त्या दहा मिनिटांचं २०१३ साली फ्रिंजमध्ये तासाभराचं एकपात्री नाटक झालं, २०१६ साली बीबीसीवर मालिका झाली, आणि २०१९ साली तिला अमेरिकेतले एमी पुरस्कार मिळाले. सुरुवात कशाने झाली? मैत्रिणीने दिलेल्या दहा मिनिटांनी.

दहा मिनिटं तर आपल्याही हातात आहेत. यंदाच्या हळदीकुंकवाला, बचत गटाच्या वर्धापनदिनाला बाहेरचा हास्यकवी न बोलावता ती दहा मिनिटं आपल्यातल्याच एकीला देऊन बघा. प्रत्येक गल्लीत एक तरी बाई असते, जी रेशनच्या रांगेत, नळावर, दवाखान्याच्या बाकावर सगळ्यांना हसवून सोडते. तिला म्हणावं, नवऱ्याच्या परवानगीचं आम्ही बघू, सासूबाईंना पुढच्या रांगेत बसवू, तू फक्त बोल. एकच अट ठेवा, विनोद कुणाच्या रंगावर, अंगावर, जातीवर नको. रेशनवर, रस्त्यावर, लाइट जाण्यावर, पुढाऱ्यांच्या आश्वासनांवर खुशाल करावा. आणि कार्यक्रम संपायला उशीर झालाच, तर तिला घरापर्यंत सोडायला चार जणी जा.