पिशवीतलं पाकीट

दिवेलागणीला घाटाखालच्या एसटी स्टँडावर उतरणाऱ्या बायकांमध्ये एखादी अशी असते, जिने घरी ‘मजुरीला जाते’ एवढंच सांगितलेलं असतं. हातात कापडी पिशवी, पिशवीत रिकामा डबा आणि डब्याखाली रुमालात गुंडाळलेली निरोधची दोन पाकिटं. चार लागतील हे तिला ठाऊक असतं. पण चार दिसली तर पोलीस हटकणार, आणि घरी कुणाच्या हाती लागली तर संसार उठणार. म्हणून दोनच. तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळी पाकीट संपलेलं असतं. एचआयव्हीचा प्रतिबंध नेमका इथे तुटतो, आणि तो तिच्या अज्ञानामुळे तुटत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात मुंबईसारखा कामाठीपुरा नाही, पुण्यासारखी बुधवार पेठ नाही. गावाबाहेर बोट दाखवता येईल अशी तेवढी मोठी वस्ती नाही, म्हणून पुष्कळांना वाटतं की हा प्रश्नच इथला नाही. प्रत्यक्षात मुंबई–नागपूर लोहमार्गावर मलकापूर, नांदुरा, शेगाव आहेत. पूर्वीचा सहा क्रमांकाचा आणि आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जातो. घाटावर मेहकर–सिंदखेडराजाच्या अंगाने समृद्धी महामार्ग आला आहे. जिथे ट्रक थांबतात, लॉज चालतात आणि खिशाखिशात मोबाइल आहे, तिथे हा व्यवसाय वस्तीशिवायही चालतो. २००६ साली पंतप्रधानांनी पॅकेज दिलेल्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत बुलढाणा होता. कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या या मुलखात वेचणीचे महिने सरले की बाईच्या हाताला काम मिळणं मुश्कील. मग दिवसा शेतात दिसणारी बाईच आठवड्यातून दोन संध्याकाळी लॉजवर जाते. तिला स्वतःला ‘धंदेवाली’ हे नाव मान्य नसतं, आणि ते का असावं?

यावर हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे धाडी टाका, धंदा बंद पाडा, रोग आपोआप जाईल. सांगणारी माणसं वाईट नसतात. आपलं गाव स्वच्छ असावं, कुणाची लेक यात ओढली जाऊ नये असंच त्यांना मनापासून वाटतं. अल्पवयीन मुलीबाबत वादच नाही. तिला या धंद्यात आणणारा गुन्हेगार आहे आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण सज्ञान बाईवर टाकलेल्या धाडीने एचआयव्ही कमी होतो, हे म्हणणं अनुभवाला धरून नाही.

गोव्याचं बायणा आठवावं. वास्कोच्या किनाऱ्यावरची ही वस्ती जून २००४ मध्ये सरकारने जमीनदोस्त केली. वस्ती गेली, धंदा गेला नाही. बायका लॉजमध्ये, भाड्याच्या खोल्यांत, रस्त्यावर पांगल्या. जिथे संस्थांच्या कार्यकर्त्या दारोदार जाऊन पाकिटं देत, दवाखान्यात नेत, तिथे आता शोधायचं कुणाला हाच प्रश्न उरला. वस्तीत शेजारणीला हाक मारता येई; लॉजच्या बंद खोलीत ती सोयही नाही. पुढे गोव्यात झालेल्या संशोधनानेही या पांगापांगीतून वाढलेल्या धोक्याकडेच बोट दाखवलं.

बायणा पाडल्यावर गोव्यात जी स्थिती झाली, ती बुलढाण्यात मुळातच आहे. इथल्या बायका आधीच पांगलेल्या, लपलेल्या, एकेकट्या. धाड टाकून त्यांना आणखी कुठे पांगवायचं?

मे २००५ मध्ये सांगलीच्या गोकुळनगर या वस्तीतही एका परदेशी संस्थेला बरोबर घेऊन पोलिसांनी छापा घातला. याच सांगलीत १९९२ पासून मीना सेषू आणि ‘संग्राम’ संस्था काम करत होती. त्या कामातून १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’, ही बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली. पाकिटं वाटणाऱ्या, सोबत दवाखान्यात जाणाऱ्या, आजारी मैत्रिणीच्या उशाशी बसणाऱ्या त्याच होत्या. त्या वर्षांत अमेरिकेच्या मदतीला अट होती की संस्थेने वेश्याव्यवसायाचा जाहीर निषेध करावा. संग्रामने पैसा सोडला, बायकांना सोडलं नाही. ब्राझीलनेही २००५ साली याच अटीपायी चार कोटी डॉलर नाकारले. ज्यांच्यासोबत काम करायचं त्यांचाच निषेध करून त्यांच्या दारात कोणत्या तोंडाने जायचं, हा साधा हिशेब त्यामागे होता.

छाप्यातून ‘सोडवणूक’ झाल्यावर पुढे काय होतं, तेही पाहावं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वसतिगृहात डांबून ठेवलेल्या तीन सज्ञान तरुणींना मोकळं करण्याचा आदेश दिला. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात वेश्याव्यवसाय हा स्वतःहून गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध अडकवता येत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. हा कायदा कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, जाहीरपणे गिऱ्हाईक बोलावणं यांना शिक्षा सांगतो. त्यातल्या आठव्या कलमाचा, म्हणजे गिऱ्हाईक बोलावण्याचा, धाक बाईच्या डोक्यावर टांगलेला राहतो: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. रस्त्यावर उभ्या बाईने गिऱ्हाइकाशी भाव आणि निरोध दोन्ही ठरवायचं ते या धाकात, मिनिटभरात. घाईत ठरलेल्या सौद्यात आधी निरोध गळतो.

सक्तीची चाचणी हा दुसरा आवडता तोडगा. तो नवा नाही. इंग्रजांनी १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. बायकांची नोंदणी, सक्तीची तपासणी, आजारी ठरली की ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये बंद. पुरुषाची तपासणी त्यात नव्हती. बायका नोंदणी चुकवून पळू लागल्या आणि वीस वर्षांनी, १८८८ मध्ये, कायदा गुंडाळावा लागला. आज २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा संमतीशिवाय चाचणी करू देत नाही आणि निकाल गुप्त ठेवायला सांगतो. शिवाय लागण ताजी असेल तर चाचणीत ती काही आठवडे दिसत नाही. बाईला ‘निगेटिव्ह’चा कागद मिळाला की गिऱ्हाईक तोच कागद पुढे करून निरोधाला नाही म्हणणार.

तिसरं म्हणणं अधिक समंजस वाटतं: निरोध फुकट मिळतो, मग आणखी काय हवं? निरोधाने देशात मोठं काम केलं आहे यात शंका नाही. १९९० च्या दशकात मुंबईतल्या पाहण्यांत निम्म्याहून अधिक वेश्यांना लागण आढळत होती. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरातल्या स्त्री देहविक्रेत्यांमधलं प्रमाण १.८५ टक्के निघालं. पण सर्वसाधारण प्रौढांमध्ये ते तेव्हा सुमारे ०.२१ टक्के होतं. म्हणजे या बायकांमधलं प्रमाण तेव्हाही जवळपास नऊपट होतं. हे अंतर फुकट पाकिटाने भरत नाही, कारण पाकीट वापरायचं की नाही हे बहुतेक वेळा तिच्या हातात नसतं. गिऱ्हाईक दारू पिऊन येतं. पैसे वाढवून ‘तसंच’ मागतं. लॉजवाला दार ठोठावून घाई करतो. आणि ज्याला ती ‘मालक’ म्हणते, त्या कायमच्या माणसापुढे तर निरोधाचं नाव काढणंच अविश्वास ठरतं.

म्हणून हा प्रश्न कामाच्या जागेचा आहे. खाणीत कामगाराला शिरस्त्राण द्यायचं आणि ते घातलं म्हणून अटक करायची, असं कुणी करत नाही. या बायकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं तेच झालं. पाकीट हाच पुरावा ठरला. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात बजावलं की निरोध बाळगणं हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये. छाप्यात स्वेच्छेने काम करणाऱ्या सज्ञान बाईला अटक, दंड किंवा छळ होऊ नये, अशी शिफारस न्यायालयाने नेमलेल्या समितीने केली होती. न्यूझीलंड यापुढे गेला. तिथल्या २००३ च्या कायद्याने निरोधाची जबाबदारी गिऱ्हाइकावर आणि जागा चालवणाऱ्यावरही टाकली आणि बाईला कोणत्याही क्षणी नाही म्हणण्याचा हक्क दिला. २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज होता की हा व्यवसाय गुन्ह्याच्या कक्षेतून काढला तर दहा वर्षांत या स्त्रियांमधल्या ३३ ते ४६ टक्के नव्या लागणी टळू शकतात. कोलकात्याच्या सोनागाची या वस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून हेच सूत्र धरलं: आधी बायकांची एकजूट आणि त्यांची बचत, त्या बळावर निरोध. सगळ्याच बायका ‘निरोध नाही तर नाही’ म्हणू लागल्या की एकटीला गिऱ्हाईक गमवायची भीती राहत नाही.

बुलढाण्यात सोनागाचीची एकजूट जशीच्या तशी उभी राहणार नाही, कारण इथे गल्लीच नाही. इथे फोनवरचा गट हीच गल्ली. नियमाप्रमाणे दर तीन महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून दोनदा एचआयव्ही व सिफिलिसची चाचणी व्हायला हवी. पण जळगाव जामोद किंवा संग्रामपूरकडच्या बाईने त्यासाठी मजुरी बुडवून, भाडं खर्चून घाट चढून बुलढाण्याला जावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. तपासणी घाटाखाली, तालुक्याच्या ठिकाणी, संध्याकाळी हवी. वेचणीच्या हंगामात तर हवीच. खोलीवर कोण बोलावतो, कोणता लॉजवाला दार उघडत नाही, कोणत्या ढाब्यावर मारहाण झाली, हे बायकाच एकमेकींना सांगू शकतात. त्यासाठी त्यांच्यातल्याच चौघींना मानधन देऊन नेमावं, बाहेरून येऊन प्रात्यक्षिक दाखवून जाणाऱ्याला नव्हे. लागण झालेल्या बाईची औषधं २००४ पासून सरकारी केंद्रात फुकट आहेत. त्या गोळ्या एक दिवसही चुकू नयेत, म्हणून तिला चौकीत बसवून ठेवण्याआधी ठाणेदाराने हे विचारलं पाहिजे की गोळ्या बरोबर आहेत का.

आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा आदेश मराठीत, एका पानात, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगावच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात भिंतीवर लावावा. त्याची एक प्रत लॉजच्या काउंटरवरही राहू द्यावी. म्हणजे पुढच्या संध्याकाळी स्टँडावर उतरणारी बाई पिशवीत मोजून दोन पाकिटं आणणार नाही. लागतील तेवढी आणेल.