पिवळा दिवा विझत नाही तेव्हा

मोटारीची किल्ली फिरवली की समोर ‘एबीएस’ अक्षरांचा पिवळा दिवा लागतो आणि दोन-चार सेकंदांत विझतो. यंत्रणा स्वतःची तपासणी करून घेते, म्हणून तो लागतो. तो विझलाच नाही, किंवा चालता चालता पेटला, तर समजावे की काही बिघडले आहे.

ब्रेक गेले असा याचा अर्थ नव्हे. नेहमीचा ब्रेक लागतो. पण जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ नये म्हणून असलेली राखण बंद पडलेली असते. चाक जाम झाले की स्टेअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. ओल्या डांबरावर समोर बैलगाडी आली म्हणजे काय होईल, ते सांगायला नको. तेव्हा गाडी सावकाश, अंतर राखून घरी आणावी. मात्र हॅन्डब्रेक सोडलेला असूनही ब्रेकचा तांबडा दिवा लागला असेल, तर गाडी तिथेच उभी करावी.

आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइल पाहावे. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर झाकणावर लिहिलेले, डॉट ३ की डॉट ४, तेच सीलबंद डब्यातले घालावे. इंजिनचे तेल कधीही घालू नये, रबरी वायसर फुगतात. ऑइल उतरले कशाने, गळतीने की पॅड झिजल्याने, हेही शोधावे. मग बॅटरी आणि फ्यूज. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळण्याची आपली खोड इथे महागात पडेल.

एवढे ठीक असेल तर चाकांकडे वळावे. बहुतेक वेळा खोड तिथेच सापडते. प्रत्येक चाकाशी बोटाएवढा सेन्सर असतो, तो चाकाचा वेग सांगतो. शेतरस्त्याचा चिखल आणि लोखंडाचा कीस त्याच्या तोंडाला बसतो, पाचट वायरीत अडकते, उंदीर वायर कुरतडतात. इतर चाकांना दगड लावून एक चाक जॅकवर घ्यावे, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. वायर चाकापासून वरपर्यंत हाताने चाचपावी, सेन्सर ओल्या फडक्याने पुसावा. चाक वरखाली हलवून पाहावे. खुळखुळले तर बेअरिंग सैल आहे आणि दिवा त्यानेही लागतो. एकच टायर वेगळ्या मापाचा असला तरी यंत्रणा फसते.

दुरुस्तीनंतर दिवा कधी कधी थोडी गाडी चालवल्यावरच विझतो.

नाहीच विझला तर गॅरेज गाठावे. स्वस्तातले कोड वाचणारे यंत्र बहुधा इंजिनापुरतेच असते, एबीएस वाचणारे आहे का ते विचारावे. कोड चाक दाखवतो, पण बिघाड सेन्सरचा की वायरीचा हे त्यावरून ठरत नाही. म्हणून वायर तपासल्याशिवाय नवा सेन्सर, आणि चारही चाके पाहिल्याशिवाय महागडे एबीएस युनिट बदलू देऊ नये. दिव्यावर चिकटपट्टी लावून गाडी हाती देणारा मेकॅनिक मात्र त्याच दिवशी बदलावा.

जाता जाता, एबीएसच्या मोटारसायकलचा हा दिवा बहुधा गाडी थोडी पुढे गेल्यावरच विझतो. उभ्या गाडीवर तो दिसला म्हणून घाबरू नये.