छपरावर कोण चढणार?

मोटरहोम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मोठ्ठी खिडकी, बाहेर डोंगर, हातात वाफाळती कॉफी. फोटोत छप्पर कधीच दिसत नाही. आणि या चाकांवरच्या घराचं आयुष्य ठरतं ते नेमकं तिथेच!

२०२३ च्या मे महिन्यात मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेला मामेभावाकडे होते. दादा-वहिनीला सेकंडहँड मोटरहोम घ्यायचं होतं. दोघांचं तीन वर्षांचं सेव्हिंग त्यात जाणार होतं, शिवाय वहिनीच्या आई-बाबांना यलोस्टोन दाखवायचं प्रॉमिस. बघायला गेलो ती गाडी आतून एकदम चकाचक. दादा तर अ‍ॅडव्हान्स द्यायला निघालाच होता. वहिनी म्हणाली, "थांब रे जरा, आधी वर बघून येऊ."

मागच्या शिडीने आम्ही दोघी वर गेलो. पांढरं रबरी छप्पर दिसायला ठीकठाक. पण व्हेंटच्या शेजारी वहिनीने तळव्याने दाबलं, तर खाली स्पंजसारखं मऊ लागलं. म्हणजे जॉइंटमधून पाणी झिरपून आतलं प्लायवुड कुजलेलं. सीलिंगला तेवढ्याच भागात नवंकोरं पॅनेल का, त्याचाही उलगडा झाला. डील तिथेच खल्लास!

दोन महिन्यांनी त्यांनी दुसरी गाडी घेतली आणि छप्पर हे वहिनीचं खातं झालं. तिचे नियम ऐका.

धुणं वर्षातून तीन-चार वेळा. आधी गाडीच्या बाजू ओल्या करायच्या, नाहीतर वरून ओघळणाऱ्या घाणीचे पट्टे पडतात. मग सौम्य साबण, मऊ ब्रश आणि थोडा-थोडा भाग घासून लगेच पाणी. छप्पर ईपीडीएम रबराचं असेल, तर पेट्रोल, थिनर किंवा तसलं काही असलेला क्लीनर अजिबात नाही. त्याने रबर फुगतं. जुन्या रबरावरून हाताला पांढरी पावडर लागते, ते वयाचं लक्षण. घाबरायचं नाही.

खरं काम त्यानंतरचं. व्हेंट, एसी, अँटेना आणि कडा यांच्याभोवतीचं सीलंट बोटाने तपासायचं. चीर दिसली की त्या छपरासाठी असलेलं सीलंटच भरायचं. हाताशी आहे म्हणून सिलिकॉन फासू नका. रबरावर ते धड चिकटत नाही आणि नंतर त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही. पाणीही मोठं बिलंदर! शिरतं एकीकडे, डाग पडतो भलतीकडे. म्हणून आतला डाग दिसेपर्यंत थांबायचं नसतं. आपल्याकडे कोकणात पावसाआधी कौलं परततात, तसंच हे.

आणि हो, ओलं छप्पर भयंकर निसरडं असतं. ते माणसाचं वजन पेलतं का, हे मॅन्युअलमध्ये आधी बघा. एकट्याने चढू नका, कडेपासून लांब राहा, गुडघ्यांखाली फळी घ्या.

मित्रांबरोबर कॅम्पर व्हॅन घ्यायचे किंवा जुनी व्हॅन कन्व्हर्ट करायचे बेत तुमच्याही ग्रुपमध्ये शिजत असतील. जरूर शिजू द्या. फक्त पडद्यांचा रंग ठरवण्याआधी एक प्रश्न विचारा: छपरावर कोण चढणार? कुणीच हात वर केला नाही, तर सरळ भाड्याने घ्या!