आखणीचे मोल

बमरोलीत राहणाऱ्यास यंत्रमागांचा आवाज निराळा ऐकावा लागत नाही. तो थांबला म्हणजे वीज गेली, एवढेच त्यास कळते. याच आवाजाच्या साथीने आमचे वर्ग चालतात. वर्गात बसणारी बहुतेक मुले खानदेशातून पोटापाण्यासाठी येथे आलेल्या कुटुंबांतील आहेत. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि कारखान्यात हिंदी, अशा चार भाषा ती सहज बोलतात. आमच्याही घरची बोली कोकणी. तेव्हा परमुलखात बिऱ्हाड मांडणे म्हणजे काय असते, हे आम्ही जाणतो.

अलीकडे या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या तोंडी 'चिप' हा शब्द वारंवार येऊ लागला आहे, आणि त्यास कारणही तसेच आहे. २०२३ साली आपल्या गुजरातेत साणंद येथे मायक्रॉन कंपनीच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले, आणि मार्च २०२४ मध्ये धोलेरा येथे टाटा उद्योगसमूहाच्या कारखान्याची पायाभरणी झाली. "गुरुजी, तिथे आमच्या पोराला काम मिळेल का?" असे पालक आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु तो पुरेसा आहे असे आम्हांस वाटत नाही. काम मिळेल का, याच्या जोडीनेच कोणते काम मिळेल, हेही विचारले पाहिजे.

नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर हजारो, लाखो सूक्ष्म विद्युत्-घटक आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा एकत्र कोरलेल्या असतात. त्यास एकात्मिक मंडल, म्हणजेच चिप म्हणतात. या कामाचे दोन भाग आहेत. कोणता घटक कोठे बसावा व कोणास जोडावा, हे ठरविणे ही आखणी. आणि त्या नकाशाबरहुकूम तो तुकडा तयार करणे ही घडण. सुरतेच्या मुलास हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. साडीचा नकाशा एक जण काढतो आणि ती मजुरीवर विणून देणारा माग दुसऱ्याचाच असतो, हे तो रोज पाहतो. विणणाऱ्याच्या कष्टाला आम्ही तिळभर कमी लेखत नाही. तथापि मोलाचा मोठा वाटा कोणाकडे जातो, हेही त्या मुलास ठाऊक आहे.

या आखणीच्या कामात ज्यांनी मोठी कामगिरी केली, अशा एका प्राध्यापकाची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी असे वाटते. त्यांचे नाव सुहास पाटील. आडनाव आपल्या गावागावांतले. बालपण मात्र महाराष्ट्राबाहेर, जमशेदपूरच्या पोलादनगरीत गेले. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९६५ साली ते पदवीधर झाले आणि पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९७० साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्याच संस्थेत विद्युत् अभियांत्रिकीचे अध्यापन करून १९७५ च्या सुमारास ते युटा विद्यापीठात गेले.

१९७१ साली त्यांनी मांडलेले एक कोडे संगणकशास्त्राच्या वर्गांत अजूनही शिकविले जाते. विषय शाळेच्या अंकात शोभणारा नाही, म्हणून वाचकांची क्षमा मागून सांगतो. तीन धूम्रपान करणारे बसले आहेत. एकाजवळ तंबाखू आहे, दुसऱ्याजवळ कागद आणि तिसऱ्याजवळ काड्या. चौथा मनुष्य या तिहींपैकी कोणत्याही दोन वस्तू मेजावर ठेवतो. ज्याच्यापाशी उरलेली तिसरी वस्तू आहे, त्यानेच त्या उचलाव्यात, आणि दुसऱ्या कोणी चुकून एक उचलून सर्वांचाच खोळंबा करू नये, ही व्यवस्था कशी लावावी? एकाच यंत्रात एकाच वेळी अनेक कामे चालू असता त्यांचा मेळ कसा घालावा, हाच हा प्रश्न आहे. डाइक्स्ट्रा या विख्यात शास्त्रज्ञाने सुचविलेली साधने येथे अपुरी पडतात, असे पाटील यांनी प्रतिपादन केले. १९७५ साली पार्नास या दुसऱ्या विद्वानाने त्याचे खंडन केले: पाटील यांनी घातलेल्या अटीच कृत्रिम आहेत, असे त्यांचे म्हणणे. खंडन झाले म्हणून पाटील यांची विद्या उणी ठरली नाही. खोडून काढण्याच्या योग्यतेचे काही मांडणे हीदेखील विद्वत्ताच होय. उत्तर चुकेल या भयाने वर्गात हात वर न करणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे.

त्यांचे मुख्य कार्य मात्र चिपच्या आखणीचे. इंटेल कंपनीच्या १९७१ सालच्या ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९७८ सालच्या ८०८६ वर ते सुमारे २९,००० झाले. एवढ्या घटकांच्या जागा व वाटा मोठमोठ्या कागदांवर हाताने रेखाटणे हे महिनोन् महिने चालणारे काम, आणि एक रेघ चुकली तर सारेच फुकट. यावर पाटील यांनी जी युक्ती योजिली, ती आमच्या बमरोलीच्या पोरांस चटकन उमगावी. त्यांनी उभ्या-आडव्या ओळींची एक नियमित जाळी कल्पिली. तर्क करणारे घटक आणि आठवण ठेवणारे घटक, दोन्ही त्याच जाळीत, ओळी जेथे एकमेकींस छेदतात तेथे बसवावयाचे. आखणी करणाराने चौकटीत ठराविक चिन्हे भरावीत, की त्यांवरूनच चिपचा प्रत्यक्ष नकाशा सिद्ध व्हावा. टेरी वेल्च यांच्यासमवेत त्यांनी १९७९ साली या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. ताणा आणि बाणा, आणि कोणता धागा कोठे वर उचलावा हे सांगणारे जेकार्डचे भोके पाडलेले पुठ्ठे, यांहून ही कल्पना फार दूरची आहे काय? ल्यों येथील जाकार यांचा माग तर १८०४ सालचा आहे.

१९८१ साली पाटील यांनी सॉल्ट लेक सिटी येथे 'पाटील सिस्टिम्स' ही संस्था स्थापिली. १९८४ साली ती कॅलिफोर्नियात गेली आणि 'सिरस लॉजिक' या नावाने पुढे नावारूपास आली. संगणकाच्या तबकड्यांचे नियंत्रण करणाऱ्या चिप्स हे तिचे आरंभीचे काम. तिचे वैशिष्ट्य असे की, आखणी तिची आणि घडण दुसऱ्यांच्या कारखान्यांत. स्वतःचा कारखाना नसताही केवळ आखणीच्या बळावर उद्योग उभा राहू शकतो, हे दाखविणाऱ्या आरंभीच्या संस्थांपैकी ती एक होय.

कोणी म्हणेल, अमेरिकेस गेलेल्या माणसाचे कौतुक आम्हांस काय कामाचे? आम्हांस कौतुक करावयाचे नाही. एक चूक कबूल करावयाची आहे. गेल्या दिवाळीनंतर आमच्या नववीच्या वर्गातील एक बाक रिकामा झाला. तो मुलगा आता मागावर रात्रपाळी करतो. गणिताच्या वहीची मागची पाने तो चौकोनी ठिपक्यांनी भरून टाकी. साडीच्या काठाची वेलबुट्टी तो घर मोजून मोजून आखीत असे. वहीची नासाडी केली म्हणून आम्ही त्यास दोनदा रागे भरलो. तो जे करीत होता ते गणितच होते, हे आमच्या ध्यानात आले तेव्हा बाक रिकामा झालेला होता. घरच्या अडचणीने तो गेला हे खरे. परंतु शाळेने त्यास थांबण्यासारखे काही दाखविले नव्हते, हेही तितकेच खरे.

म्हणून आमचे मागणे अगदी लहान आहे. शिक्षकांनी उत्तराबरोबर कच्चे कामही पाहावे आणि त्यास गुण द्यावेत; पानाच्या कडेला केलेली आकडेमोड पुसून टाकण्याची सक्ती नसावी. विद्यार्थ्यांनी व विद्यार्थिनींनी कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी ती कागदावर आखण्याची सवय लावून घ्यावी. पालकांनी मुलास निदान बारावीपर्यंत गणितापासून तोडू नये. साणंद-धोलेऱ्याचे कारखाने चालवावयास माणसे लागतील, आणि ती आमच्या वस्तीतून जातील तर आनंदच आहे. परंतु तेथे जे घडेल त्याचा नकाशाही कधी आमच्याच एखाद्या मुलाने वा मुलीने काढलेला असावा, ही इच्छा धरण्यास बमरोलीने का संकोचावे?

तो बाक अजून रिकामाच आहे. रात्रपाळी आटोपून तो मुलगा सकाळी शाळेवरूनच घरी जातो. येत्या जूनमध्ये त्याने सतरा नंबरचा किंवा आपल्याकडे चालतो तसा बाहेरून बसण्याचा अर्ज भरावा, म्हणून आम्ही त्यास बोलावणार आहोत. आणि या खेपेस त्याची ती वही सोबत आणावयास सांगणार आहोत.